पगारातून कापले जाणारे दोनशे रुपये: वसंतराव नाईक, वि. स. पागे आणि रोजगार हमीचं प्रकरण

महाराष्ट्रातल्या एखाद्या नोकरदाराची पगारपत्रिका उघडून पाहा. ‘पी. टी.’च्या रकान्यात अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील. राज्यघटनेच्या कलम २७६ ने या करावर वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून फेब्रुवारीचे ते शंभर रुपये जास्तीचे. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली बसला, आणि तो बसवताना कारण उघड सांगितलं होतं: खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं आहे, त्यासाठी पैसा हवा आहे.

नेता मोठा कशानं ठरतो यावर आपल्याकडे भाषणं, सभांची गर्दी आणि पुतळ्यांची उंची यांच्या आधारानं बोललं जातं. या लेखात एकच प्रकरण मुळापासून तपासलं आहे आणि कसोटीही एकच ठेवली आहे. नेत्याच्या हातात असलेली मेहेरबानी त्यानं स्वतःहून सोडली का, आणि ती साध्या माणसाचा हक्क होईल इतकी पक्की व्यवस्था मागे ठेवली का? रोजगार हमी योजना या कसोटीवर पाहायला बरी पडते. तिचे कागद, पैसा, मोजमाप आणि बिघाड असं सगळं समोर आहे.

दुष्काळ आणि जुनी रीत

१९७० पासून पाऊस ओढ देत होता. १९७२ ला तो जवळजवळ आलाच नाही. नगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग, पुणे आणि नाशिकचे कोरडवाहू तालुके उघडे पडले. विहिरी आटल्या, गुरं मातीमोलानं गेली, माणसं मुंबई-पुण्याकडे निघाली. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, शेताची बांधबंदिस्ती आणि खडी फोडणं. मे १९७३ मध्ये या कामांवर रोज ५० लाखांच्या घरात माणसं होती. बाहत्तरच्या आठवणी सांगणारा कुणीही लाल मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि कामावर वाटली जाणारी सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) ही दोन नावं विसरत नाही.

ही सारी कामं जुन्या रीतीनं चालत. इंग्रजांच्या काळापासूनची रीत अशी: पिकाची आणेवारी, म्हणजे नेहमीच्या मानानं पीक किती आलं याचा अंदाज, काढायची, ती ठरलेल्या आकड्याखाली आली की टंचाई जाहीर करायची, मग कलेक्टरनं कामं उघडायची. पाऊस पडला की कामं बंद. यात तीन दोष होते. आणेवारी लागेपर्यंत घरातलं धान्य आणि दावणीची जनावरं दोन्ही संपलेली असत. कामाची निवड घाईत होई. हाताशी काहीच तयार नसलं की सोपं काम म्हणजे खडी, म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त खडीचे ढीग रस्त्याकडेला पडून राहत. तिसरा दोष राजकारणाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा आहे. काम कुठं उघडायचं आणि कुठं नाही हे सरकार ठरवी, म्हणजे आमदार ठरवी, म्हणजे गावातला पुढारी ठरवी. मजूर याचकच राहायचा.

पागे: आधी एका तालुक्यात

विठ्ठल सखाराम पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, स्वातंत्र्यसैनिक, आणि १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. त्यांच्याकडे खातं नव्हतं, बजेट नव्हतं आणि बदल्या करण्याची ताकदही नव्हती. १९६५ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पत्र लिहून कल्पना मांडली: काम मागणाऱ्याला काम द्या, आणि ते शेतीची उत्पादकता वाढवणारं असू द्या. राज्यभर एकदम घोषणा करायच्या फंदात दोघंही पडले नाहीत. तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू झाला, नंतर तो इतर काही निवडक भागांत नेला.

इथं थांबून पाहण्यासारखं आहे. सात वर्षं योजना लहान ठेवली गेली. या काळात एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते मंत्रालयात बसून मिळणारं नव्हतं. ‘मागेल त्याला काम’ म्हटल्यावर सगळा तालुका कामावर येतो का? नाही येत. काम अंगमेहनतीचं असलं, मजुरी कामाच्या मोजमापावर असली आणि काम शेतीच्या हंगामाबाहेर निघालं, तर ज्याला खरोखर गरज आहे तोच येतो. गरीब कोण हे ठरवायला दाखला, शिफारस, यादी काही लागत नाही. घमेलं उचलायला जो तयार, तोच पात्र. योजनेचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे.

नाईकांचा वाटा

१९७२ साली योजना राज्यभर लागू करण्याचा निर्णय झाला. दुष्काळात ती टंचाईच्या कामांत विरघळून गेली आणि दुष्काळ सरल्यावर पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली. नाईकांच्या मोठेपणाची जागा शोधायची तर ती या दुसऱ्या टप्प्यात आहे. संकटात कामं काढणं कोणत्याही सरकारला भागच असतं. पाऊस पडला, टीका थांबली, खजिना रिकामा झाला, आणि त्या वेळी योजना बंद करायला सगळी कारणं हातात होती. ती सुरू ठेवली गेली.

दुसरी गोष्ट श्रेयाची. योजना पाग्यांची आहे हे नाईकांच्या सरकारनं कधी लपवलं नाही. मुख्यमंत्र्यानं दुसऱ्याची कल्पना त्याच्याच नावावर राहू देणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिचा व्यावहारिक फायदा झाला. योजना एका मुख्यमंत्र्याच्या नावाला चिकटली नाही, त्यामुळे पुढच्याला ती मोडण्यात रस उरला नाही. नाईक फेब्रुवारी १९७५ मध्ये पायउतार झाले. व्यवसाय कर बसला तो शंकरराव चव्हाणांच्या काळात. कायद्याचं विधेयक १९७७ साली मंजूर झालं तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. २६ जानेवारी १९७९ ला कायदा अमलात आला तेव्हा शरद पवारांचं पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार होतं. चार मुख्यमंत्री, मधे आणीबाणी, पक्षफूट, सत्तांतर, आणि धागा तुटला नाही.

विरोधी बाकांना वगळून हे प्रकरण सांगता येत नाही. शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट यांनी दुष्काळी कामांवर मोर्चे काढले, मजुरांच्या संघटना बांधल्या आणि सभागृहात सरकारला सोडलं नाही. ‘योजना’ हा शब्द पुसून ‘कायदा’ हा शब्द आला तो या रेट्यामुळे. कायदा दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला. सरकारनं त्या रेट्याला शत्रू मानलं असतं तर आणखी एक शासन निर्णय निघाला असता आणि चार वर्षांत विरला असता.

पैसा आधी, हमी नंतर

हमी द्यायला जीभ पुरते, पाळायला निधी लागतो. इथं रोजगार हमी निधी कायद्यानं उभा केला. त्यात व्यवसाय कर, मोटार वाहनांवरचा आणि विक्रीकरावरचा जादा कर, ओलिताच्या जमिनीवरची विशेष आकारणी, आणि शहरांतल्या बिगर-निवासी इमारतींवरचा कर असे ओघ सोडले. या करांतून जितकी रक्कम येईल तितकीच सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून घालायची अशी तरतूद केली.

मुंबईतल्या कारकुनानं बीडच्या मजुरासाठी कर द्यायचा, हे पटवायचं कसं? दोन हिशेब जुळले. शहराला खेड्यातून येणारे लोंढे आणि त्यांच्या झोपड्या यांची चिंता होतीच, आणि काम गावात मिळालं तर माणूस गाव सोडत नाही. गावातल्या जमीनवाल्याला मजुरी वाढण्याची भीती होती, पण बांधबंदिस्ती, नालाबांध आणि पाझर तलाव यांचं पाणी त्याच्याच विहिरीला लागणार होतं. दोघांचा विरोध बोथट झाला. या तडजोडीची किंमतही सांगायला हवी: कामांतून तयार झालेली संपत्ती बहुतेक वेळा जमीनवाल्याच्या पदरात पडली, आणि तलाव खणणाऱ्या भूमिहीनाला मजुरीपलीकडे काही मिळालं नाही. आमच्या मते हा योजनेचा जन्मापासूनचा दोष आहे. पण तो पत्करला नसता तर कायदा झाला नसता हेही तितकंच खरं.

कायद्यानं कुणाचे हात बांधले

ग्रामीण भागात आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या हद्दीत राहणाऱ्या, १८ वर्षांवरच्या कोणाही माणसानं नाव नोंदवायचं. कामाची लेखी मागणी करायची, किमान ३० दिवस सलग काम करायची तयारी सांगायची आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. मागणीपासून १५ दिवसांत पंचायत समितीच्या क्षेत्रात काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, सुरुवातीला दिवसाला १ रुपया. नवं काम उघडायला ५० मजूर लागत. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर गेला पाहिजे, यंत्र आणि सामान यांवर जास्तीत जास्त ४० टक्के. ठेकेदार नको. बाई आणि बाप्याला कामाचा दर एकच. कामावर पिण्याचं पाणी, सावली, औषधपेटी आणि लहान पोरांना सांभाळायची सोय हवी.

कामाची मागणी घेण्याची आणि काम देण्याची जबाबदारी महसूल खात्याकडे, म्हणजे कलेक्टर आणि तहसीलदाराकडे. काम प्रत्यक्ष करायचं ते पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन या खात्यांनी आणि जिल्हा परिषदेनं. ही विभागणी मुद्दाम केली होती. ज्याला काम करायचा कंटाळा आहे, त्याच्या हातात मागणी नाकारायची लेखणी ठेवायची नाही. तालुक्यासाठी कामांचा आराखडा आधीच मंजूर करून ठेवायचा, म्हणजे मागणी आली की खडीकडे धाव घ्यावी लागत नाही.

दहा फूट बाय दहा फूट

मोठेपणाची चर्चा हवेत राहू नये म्हणून खड्ड्यापाशी येऊ. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल असा खड्डा म्हणजे १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. चार-पाच जणांची टोळी तो खणते, माती घमेल्यांनी बांधावर टाकते. खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खुंट न खणता सोडतात, कारण खोली किती गेली हे नंतर त्यावरूनच कळतं. आठवड्यानं अभियंता टेप घेऊन येतो, मोजमाप पुस्तिकेत आकडे लिहितो. दर ठरतो तो तीन गोष्टींवर: माती मऊ, मुरमाड की कठीण मुरूम, माती किती लांब वाहिली, किती उंच चढवली.

मजुराचं पोट या तीन नोंदींवर आहे, आणि बहुतेक फसवणूक इथंच होते. कठीण मुरूम ‘मऊ माती’ म्हणून लिहिला की त्याच घामाची मजुरी निम्म्यावर येते. अभियंता वेळेवर आला नाही आणि मधे वळवाचा पाऊस पडला की कडा ढासळतात, खुंट विरघळतो, मग मोजायचं काय? वाहतुकीचं अंतर लिहायचंच राहिलं तर पाटीवाल्या बायकांची मेहनत हिशेबातून गळते. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेल्यांची आणि मुंबईला गेलेल्यांची नावं चढवणं ही भानगड सगळ्यांना ठाऊक असते. मोजमापातली लबाडी मात्र दिसत नाही आणि तक्रारीत नीट मांडताही येत नाही. म्हणून जाणत्या संघटना मजुरांना पहिली गोष्ट शिकवत ती घोषणा नव्हे, टेप वाचायची.

एवढे दोष असूनही बायका या कामांवर मोठ्या संख्येनं आल्या. काम गावाजवळ, दर समान, मालकाच्या मर्जीची गरज नाही. पाटलाच्या शेतावर दुसरा इलाज नाही म्हणून जाणाऱ्या बाईला ‘नाहीतर रोहयोवर (रोजगार हमी योजनेच्या कामावर) जाईन’ म्हणायची सोय झाली. शेतमजुरीचा दर ठरवण्याच्या बोलणीत हे वाक्य फार कामी आलं.

काय बिघडलं आणि का

बेकारी भत्ता जवळपास कुणाला मिळालाच नाही. कारण तांत्रिक आहे आणि म्हणूनच समजून घेण्यासारखं आहे. १५ दिवस मोजायचे कधीपासून? पोचेवरच्या तारखेपासून. पोच दिली नाही, किंवा तारखेची जागा कोरी ठेवली, की घड्याळ सुरूच होत नाही. कायदा न मोडता तो निकामी करायला एवढं पुरतं. मजुरीही आठवडा-पंधरवड्याच्या जागी दोन-दोन महिने रखडे. हातावर पोट असलेल्याला दोन महिन्यांनी मिळणारी मजुरी सावकाराच्या व्याजात जाते.

१९८८ मध्ये मजुरीचे दर किमान वेतनाबरोबर जवळपास दुप्पट झाले. मजुरांची गर्दी वाढायला हवी होती. उलट कामावरची संख्या घसरली, कारण खर्च आवरायला नवी कामं उघडण्यात हात आखडला गेला. हमी कागदावर तशीच, कामं कमी. दुसरीकडे पुढच्या वर्षांत निधीत कर जमा होत राहिला आणि तो पुरता खर्च झाला नाही. निधीला कायद्यानं कुलूप लावलं होतं, पण वर्षाला किती खर्च करायचा हा निर्णय मंत्रालयाकडेच राहिला होता. ही फट मूळ मांडणीतलीच.

काही दुरुस्त्या मात्र नेटक्या झाल्या. १९९० मध्ये योजनेला फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात खड्डे खणायचे, कलमं लावायची, जगवायची, आणि अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं घ्यायचं, तेही जगलेल्या झाडांच्या मोजणीवर. झाड जगलं तरच पुढचा हप्ता, त्यामुळे खोट्या नोंदीला वाव कमी झाला. सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्यात डाळिंब आणि बोर उभी राहिली ती या काळात. जुन्या पाझर तलावांखालच्या विहिरींचं पाणी तिथं कामाला आलं.

तेच नेते, तेच वर्ष, दुसरा निकाल

माणूस मोठा होता म्हणून सगळं चांगलं झालं, असं म्हणायला जागा नाही. नाईकांच्याच सरकारनं १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. हेतू तितकाच चांगला: व्यापारी आणि अडते यांच्या कचाट्यातून विदर्भाच्या शेतकऱ्याची सुटका. सरकार हमी भावानं सगळा कापूस घेणार, राज्यात दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही. ती योजना तोट्यात रुतत गेली आणि २००० नंतर गुंडाळली गेली.

दोन्हींचा पाया वेगळा होता. रोजगार हमीत लाभ किती द्यायचा हे खणलेल्या मातीवर ठरे. कापसात भाव किती द्यायचा हे दर वर्षी मंत्रिमंडळ ठरवी, आणि निवडणुका जवळ आल्या की तो बाजारभावापासून दूर जाई. भाव बाजारापेक्षा कमी असला की कापूस चोरून शेजारच्या राज्यांत जाई, जास्त असला की तिथला कापूस आपल्या केंद्रांवर येई. तोटा भरायला वेगळा कर नव्हता. तासगावसारखी लहान चाचणी झाली नव्हती. एकाच नेत्याच्या दोन निर्णयांत मोठेपणा एका ठिकाणी टिकला आणि एका ठिकाणी नाही, याचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या चार फरकांत शोधावं असं आमचं मत आहे.

दिल्लीपर्यंत, आणि तिथून परत

२००५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला. पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, ६०:४० चं प्रमाण, ठेकेदारबंदी, पोच: महाराष्ट्राची ओळख त्यात पानोपानी आहे. केंद्राची हमी कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची होती. महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा सुधारून ठेवला, शंभराच्या पुढच्या दिवसांची मजुरी राज्यानं सोसायची अशी सोय केली. केंद्रातल्या कायद्यानं दोन बाबतींत जुन्या कायद्यावर मात केली: ग्रामसभेला कामं निवडायचा अधिकार दिला आणि सामाजिक लेखापरीक्षण सक्तीचं केलं. मोजमाप पुस्तिका गावासमोर वाचली जाणं ही १९७७ च्या कायद्यात राहून गेलेली गोष्ट होती.

नाईक १९७९ मध्ये वारले, म्हणजे कायदा अमलात आला त्याच वर्षी. पागे १९९० मध्ये गेले. आज कामाची मागणी करणाऱ्या बाईला दोघांचीही नावं ठाऊक असायचं कारण नाही.

या हमीला एक मुक्काम मात्र गाठता आला नाही. बीड, नगर, जालन्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम पावसाळ्यातच घरी येऊन कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, रोख उचल देऊन जातो. त्या पैशात लग्न उरकतं, आजारपण निभतं, जुनं देणं फिटतं, आणि मग सहा महिने पाचटाच्या खोपीत राहून ती उचल फेडायची असते. रोजगार हमी आधी काम मागते, मग मोजते, मग मजुरी देते. मुकादम आधी पैसे देतो. १९६५ च्या पत्रापासून आजवरच्या एकाही दुरुस्तीनं या क्रमाला हात घातलेला नाही.